अकरा दिवसांचा खुलासा

बेंटनव्हिल, आर्कान्सा
२ नोव्हेंबर २०२५, तुळशीचं लग्न

प्रिय दादा,



पत्र पाहून दचकू नको. सगळे ठणठणीत आहेत. इथे लेकीकडे आलेले अमरावतीचे एक काका-काकू सहा महिने संपवून परवा परत निघणार आहेत, त्यांच्या बॅगेत हा कागद सरकवतेय. अमरावतीला पोचले की ते पोस्टात टाकतील.

फोन असताना कागद कशाला, असं तू म्हणशील. तर दादा, मोबाइलचं दुकान असलेल्या माणसाशी मोबाइलवर बोलता येत नाही, हा माझा पाच वर्षांचा अनुभव आहे. मी ‘अरे, ऐक ना’ म्हणते आणि तिकडून तू म्हणतोस, ‘दोन मिनिटं थांब वं.’ मग मला कुणाच्या तरी नंबराचे आकडे ऐकू येतात. मग ‘अठ्ठावीस दिवसांचा मारू का चौऱ्याऐंशीचा?’ मग सुट्टे नाहीत. मग कुणाच्या तरी स्क्रीनगार्डखाली बुडबुडा राहिला म्हणून कटकट. तोवर इकडे पोरीची शाळेची बस येते. गेल्या महिन्यात अकरा दिवस माझा फोन का बंद होता, हे मी तुला तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा पहिल्या वाक्यावर गाडी अडली. कागदाला गिऱ्हाईक आडवं येत नाही. शटर पाडल्यावर निवांत वाच. आईलाही वाचून दाखव, फक्त जावईबापूंचा भाग जरा सांभाळून.

कारण त्या अकरा दिवसांत आपल्या दारव्ह्यात काय काय बोललं गेलं, ते वहिनीने मला सगळं सांगितलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या नावापुढे एकच खूण येत होती, दुसरी उमटतच नव्हती. मग यांनी आपल्या फोनवरून आईला कळवलं, ‘ती ठीक आहे, काळजी करू नका.’ त्यावर आई म्हणाली म्हणे, ‘पोरीचा फोन बंद अन् जावई म्हणते ठीक हाये, मंजे नक्की काईतरी हाये.’ शेजारच्या मावशींनी तर आमचं भांडण लावून, माझं तिकीट काढून मला नागपूरच्या विमानतळावर उतरवूनही ठेवलं होतं.

भांडण झालं होतं, हे खरं आहे. पण ते महिन्याच्या पाच डॉलरवरून.

मुळापासून सांगते. आपल्या घरी मोबाइलची कंपनी कशी ठरायची ते आठव. बाबांनी जन्मात कधी प्लॅन विचारला नाही. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हातात फोन द्यायला सुरुवात केली आणि अख्खी बाजारपेठ तिकडे धावली, तेव्हा बाबांनी पैसे खिशातच ठेवले. जिनिंगमधल्या मित्राचा फोन एका दिवसापुरता मागून आणला, सायकलच्या हँडलला पिशवीत टांगून वावरात नेला, आणि धुऱ्यावर, विहिरीवर, गोठ्यात असं तीन ठिकाणी उभं राहून घरच्या लँडलाइनवर रिंग देऊन पाहिली. घरी फोनजवळ मी वही घेऊन बसले होते. धुऱ्यावरून आली, विहिरीवरून आली, गोठ्यातून नाही आली. ‘बैल काई कोणाले फोन करत नाई,’ म्हणून बाबांनी गोठा सोडून दिला आणि फोन घेतला. दूरसंचार नियामक ट्रायला सुचलं नसतं असं सर्वेक्षण होतं ते.

घरात मात्र रेंज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच यायची. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. आईचं सगळं माहेर, सगळ्या लेकीसुना, पुतण्याची सोयरीक, सगळं त्या पायरीवर उभं राहून, डोकं भिंतीला टेकवून झालं. भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. अजून आहे का रे तो, की रंग दिला?

मग पुढचं सगळं तुझ्याच काउंटरवर घडलं. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली, तेव्हा तू लोकांच्या फोनवर ‘पोर्ट’ लिहून १९०० ला मेसेज पाठवायचास आणि लोक तुझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसं बघायचे. २०१६ ला गणपती बसले त्याच दिवशी, ५ सप्टेंबरला, जिओ आलं आणि आधारच्या झेरॉक्सची रांग तुझ्या दुकानापासून थेट फाट्यापर्यंत गेली. लोक फुकटच्या इंटरनेटवर तुटून पडले होते. बाबा तेव्हाही सिम घेऊन आधी विहिरीवर गेले.

हे सगळं मी इथे येताना विसरले. म्हणजे यांच्या हाती सोपवलं, एकूण एकच.

इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो उधारीचा. बिल महिना संपल्यावर भरायचं असेल, तर कंपनी आधी तुमचा उधारीचा इतिहास बघते. काउंटरवरच्या पोराला मी अभिमानाने सांगितलं, आम्ही आयुष्यात कुणाचा छदाम ठेवला नाही. तो म्हणाला, तीच तर अडचण आहे. कर्ज काढून फेडलेलं दिसलं असतं, तर लगेच कनेक्शन दिलं असतं. दारव्ह्यात अशा माणसाला लोक पोरगी देतात, इथे त्याला सिमकार्ड देत नाहीत.

वर्षभराने आमची पत तयार झाली आणि आम्ही एका मोठ्या कंपनीच्या दारात ताठ मानेने गेलो. तिने दोन फोन फुकट दिले. फुकट कसे, तर ३६ महिने त्याच कंपनीत राहायचं. दरमहा फोनचा हप्ता बिलात लागणार आणि तेवढीच सूट बिलात मिळणार. मध्येच सोडलं की उरलेली सूट बंद आणि हप्ते एकदम अंगावर. दादा, आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठेवतात ना, उचल देऊन? तो निदान वर्षाने मोकळा होतो. आम्ही तीन वर्षांचं साल धरलं होतं.

बिल महिन्याला १४० डॉलर. बारा हजार रुपयांच्या वर. प्लॅनचे वेगळे, कर वेगळा, ‘प्रशासकीय शुल्क’ वेगळं, आणि एक रक्कम अशी होती की ती कशाची हे विचारायला फोन केला, तर पाऊण तास बासरी ऐकवली. बासरी छान होती. तीन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मी शिरा केला आणि यांनी लॅपटॉप उघडला.

जावईबापूंचा भाग इथून सुरू होतो. तुला माहीत आहे, पुसदच्या माणसाला दोन मुख्यमंत्री दिल्याचा अभिमान असतो आणि तो प्रत्येक निर्णय मंत्रिमंडळासमोर ठेवावा तसा घेतो. यांनी एक्सेलची शीट केली. एकोणीस कंपन्या, चौदा रकाने. नुसता डेटा, मिनिटं आणि दर नाही; भारतात फोन करायचा दर, हॉटस्पॉट, कराचे पैसे किमतीत धरले की वर, आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरले. मी म्हटलं, ‘यात रेंजचा रकाना कुठे आहे?’ तर म्हणाले, ‘अमेरिकेत रेंज सगळीकडे असते.’

हे वाक्य लक्षात ठेव. पुढे कामाला येईल.

आता शीटमधल्या या स्वस्त कंपन्या हा काय प्रकार आहे ते तुला नीट सांगते, कारण आपल्याकडे तो असा नाही. आपली शकुंतला आठव. यवतमाळ-मूर्तिजापूर. इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला किलिक निक्सन कंपनीने अडीच फुटी रूळ टाकले. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, पण हा रूळ कसा कोण जाणे खाजगी कंपनीचाच राहिला. गाडी आपल्या रेल्वेची, ड्रायव्हर आणि गार्ड सरकारी पगारावर, आणि रुळाचं भाडं कंपनीला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तीच गाडी ओढत होतं. दारव्ह्याच्या फलाटावर उभ्या माणसाला कधी वाटलं का, रूळ कुणाचे? गाडी आली की बसायचं.

इथल्या स्वस्त मोबाइल कंपन्या म्हणजे शकुंतला. त्यांच्या मालकीचा टॉवर सहसा एकही नसतो. देशभर पसरलेले रूळवाले तीन मोठे: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. चौथी स्प्रिंट होती, ती २०२० मध्ये टी-मोबाइलच्या पोटात गेली. बाकी डझनावारी नावं यांच्या टॉवरवरची हवा घाऊक भावात विकत घेतात आणि किरकोळीत विकतात. दुकान नाही, शोरूम नाही, काउंटरवर कोट घातलेला पोरगा नाही, म्हणून स्वस्त. काहींची सिमकार्डं वॉलमार्टात बॅटऱ्यांच्या आणि नेलकटरच्या शेजारी आकड्याला टांगलेली असतात. वॉलमार्टचं मुख्यालय आमच्याच गावात असल्याने आम्ही ती टांगलेली कार्डं अगदी गंगोत्रीवर पाहिली म्हणायची.

नावं तरी काय एकेक. एक क्रिकेट नावाची आहे. हे हरखले, पण इथे त्या शब्दाचा अर्थ लोकांना रातकिडा वाटतो. एक मिंट, म्हणजे पुदिना. तिची जाहिरात रायन रेनॉल्ड्स हा सिनेनट करायचा, आणि नुसती जाहिरात नाही, तो तिच्यात भागीदारही होता. महिन्याला १५ डॉलर, पण तीन महिन्यांचे एकदम भरा, आणि तो दर नव्या गिऱ्हाइकाला. एक कन्झ्युमर सेल्युलर, ती मुद्दाम पन्नाशीच्या पुढच्यांना धरून. जाहिरातीतले आजी-आजोबा इतके आनंदी असतात की आपल्याकडच्या च्यवनप्राशवाल्यांनी धडा घ्यावा.

आणि खरी गंमत पुढे आहे. यातल्या बऱ्याच भाडोत्री गाड्या रूळवाल्यांनीच विकत घेतल्यात. रातकिडा एटी अँड टीचा. ट्रॅकफोन २०२१ पासून व्हेरायझनचा. पुदिना २०२४ मध्ये टी-मोबाइलने घेतला, जास्तीत जास्त १३५ कोटी डॉलरच्या बोलीवर. म्हणजे भट्टी एक, चहा एक. कपबशीत घेतला तर वीस रुपये, काचेच्या ग्लासात दहा. फरक एवढाच की गर्दी झाली की कपबशीवाल्याला आधी मिळतो. टॉवरवर ताण आला की स्वस्तवाल्या बऱ्याच गिऱ्हाइकांचं इंटरनेट मागे पडतं. विहिरीवर मालकाचं वावर आधी भिजतं, मक्तेदाराचं मागून. हे तुला समजावून सांगायला नको, पण यांना समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

‘अनलिमिटेड’चं पण ऐक. लग्नाच्या पंगतीत ‘पोटभर जेवा’ म्हणतात, तसं ते अनलिमिटेड. बुंदी दोनदा आग्रहाने येते. तिसऱ्या वेळी वाढपी तुमच्या ओळीला पाठ करून निघून जातो. नाही म्हणत नाही, नुसता दिसत नाही. भात मात्र मिळत राहतो, गार आणि हळूहळू. प्लॅनच्या पानावर तळाशी, तांदळातल्या खड्याएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक इतक्या जीबीनंतर वेग कमी होईल.

तर यांच्या शीटमध्ये जी कंपनी सगळ्यात हिरवी निघाली, ती आम्ही घेतली. नाव लिहीत नाही. दोघांचे मिळून महिन्याला चाळीस डॉलर, तीन महिन्यांचे आगाऊ. हे इतके खूश झाले की शीटला त्यांनी पासवर्ड लावला.

पहिल्याच आठवड्यात कळलं की फोन स्वयंपाकघरात लागत नाही. हॉलमध्ये एक काडी. बाथरूममध्ये टबात उभं राहिलं की तीन काड्या. बेंटनव्हिल ओझार्कच्या टेकड्यांमध्ये आहे, आमचं घर उताराच्या पलीकडच्या अंगाला, आणि त्या कंपनीच्या रूळवाल्याचा टॉवर टेकडीच्या अलीकडे. शनिवारी चौकात बाजार भरतो, जिथे सॅम वॉल्टनने १९५० साली आपलं पाच-दहा सेंटवालं दुकान काढलं होतं तिथे. जगातलं सगळ्यात मोठं दुकानदारीचं साम्राज्य जिथून निघालं त्या चौकात उभं राहून मला यांना विचारायचं होतं, की कोथिंबीर एक जुडी घेऊ का दोन. फोन लागला नाही. मी दोन घेतल्या. घरी आले तर यांनी पण दोन आणलेल्या. चार जुड्या कोथिंबिरीची वडी करून मी ती शीटच्या शेजारी ठेवली. बोलले काही नाही.

शाळेतून नर्सचा फोन आला, पोरीचं पोट दुखत होतं, तो मला लागला नाही, त्या दिवशी मात्र बोलले. ते जे भांडण तुमच्यापर्यंत पोचलं ते हे. मी म्हणत होते, पाच डॉलर जास्त जाऊ दे, दुसऱ्या रुळावरची गाडी पकडू. हे म्हणत होते, वर्षाचे साठ डॉलर होतात, आणि शिवाय शीटप्रमाणे रेंज आहे. मी म्हटलं, ‘शीटप्रमाणे मग शीटलाच फोन करा.’

शेवटी मी समोरच्या घरातल्या आजोबांना विचारलं. सत्तरीचे आहेत, आयुष्यभर ट्रक चालवला. ते रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या आपल्या पत्रपेटीपाशी उभे राहून फोनवर बोलायचे. मला वाटायचं, बायकोपासून लपून बोलतात. तर म्हणाले, ‘आधीच्या कंपनीत फक्त इथेच लागायचा, तेव्हाची सवय लागली. आता घरात सगळीकडे लागतो, पण उभं राहिल्याशिवाय बोलणं सुचत नाही.’ टेकडीच्या या अंगाला कोणता टॉवर पोचतो, कोणता नाही, हे त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. दोन मिनिटांत. मग मी त्यांचा फोन मागून घेतला आणि स्वयंपाकघर, हॉल, पोरीची खोली, गॅरेज असं फिरून यांच्या लॅपटॉपवर वायफायने रिंग दिली. सगळीकडून लागला. गॅरेजमधूनसुद्धा. मनात म्हटलं, बाबा, गोठ्यातही लागला.

तर त्याच रुळावरची एक स्वस्त गाडी आम्ही धरली. आणि इथून माझे अकरा दिवस सुरू झाले.

इथे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला १९०० ला मेसेज नसतो. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्यायचा आणि नव्या कंपनीला द्यायचा. यांचा नंबर तासाभरात गेला. माझा पिन काढायला गेले, तर जुन्या कंपनीच्या यंत्रमानवाने सुरक्षेसाठी एक प्रश्न विचारला: तुमचं जन्मगाव?

दादा, सोपा प्रश्न आहे ना? मी लिहिलं, दारव्हा. चूक. मग आठवलं, दारव्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक आहे आणि बँकेच्या पासबुकावर त्यात एक ए जास्त आहे. तो ए घालून पाहिला. चूक. मग लक्षात आलं, जन्म तर माझा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात झाला. यवतमाळ लिहिलं. चूक, आणि खातं बंद.

संध्याकाळी हे आले. तो फॉर्म यांनी भरला होता. विचारलं, काय लिहिलं होतं? म्हणाले, ‘यवतमाळच लिहिलं, पण बरोबर स्पेलिंगने.’ बरोबर म्हणजे कोणत्या? तर यांच्या आजोबांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर होतं त्या. इंग्रज लिहायचे ते, ‘येओटमल’. यांच्या मते तेच अधिकृत, बाकीचं नंतर बिघडलं. पुसदच्या माणसाला यवतमाळचं स्पेलिंग विचारू नये, हा धडा मी तेव्हा घेतला.

मग चॅटवर खरा माणूस मिळाला. मोठा शालीन. तो म्हणाला, ओळखपत्र दाखवा. पासपोर्ट पाठवला, त्यावर जन्मस्थळ यवतमाळ, आजच्या स्पेलिंगने. तो म्हणाला, खात्यात दुसरं गाव आहे. मी म्हटलं, एकच गाव आहे. तो म्हणाला, पुरावा? आता एकच गाव दोनदा आहे याचा पुरावा काय द्यायचा? तहसीलदार कुठून आणू? रात्री साडेअकराला यांनी इंटरनेटवरून इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरच्या मुखपृष्ठाचं चित्र शोधून काढलं. त्यावर जिल्ह्याचं नाव जुन्या स्पेलिंगने ठळक छापलेलं. ते आम्ही मोबाइल कंपनीच्या तक्रार खात्याला जोडून पाठवलं. चाळीस डॉलरच्या प्लॅनसाठी वऱ्हाडचं गॅझेटियर आर्कान्सातून कामाला लागलं.

याच गडबडीत माझे तीन महिने संपले. जुन्या कंपनीने सेवा थांबवली, नवीकडे नंबर पोचला नव्हता, आणि नंबर माझा त्रिशंकू झाला. त्यात यांनी सल्ला दिला की व्हॉट्सअ‍ॅप काढून परत टाक, नीट होईल. टाकलं, तर त्याने पडताळणीचा कोड पाठवला. कुठे? त्याच त्रिशंकू नंबरावर. तिथून तुमच्याकडे एक खूण.

अकराव्या दिवशी कुलूप आपोआप उघडलं. गॅझेटियर पाहून उघडलं की कंटाळून, ते कळलं नाही. हे म्हणतात गॅझेटियर. मी म्हणू देते.

आता दोघांचे मिळून ५० डॉलर जातात. म्हणजे शीटपेक्षा दोघांमागे दहा डॉलर जास्त, माझ्या भांडणाच्या बोलीपेक्षाही पाच जास्त. आजोबांना मी पुरणपोळी नेऊन दिली. त्यांनी ती मधाबरोबर खाल्ली, पाहवलं नाही.

बरं, आता तिकडचं. आईच्या फोनमध्ये तू दर अठ्ठावीस दिवसांनी रोजच्या डेटाचा रिचार्ज मारतोस, हे मला माहीत आहे. तिचा बटनांचा फोन. त्या डेटाचं ती काय करणार, लोणचं? ट्रायने गेल्या डिसेंबरात कंपन्यांना सांगितलं की नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे प्लॅन ठेवा, आणि जानेवारीत ते आलेही, ८४ दिवसांचे साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात. ते तिला मार. तुझं कमिशन जरा कमी होईल, पण आई आहे. आणि ते अठ्ठावीस दिवस! पंचांगात अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो, तुझ्या काउंटरवर दरवर्षी येतो. बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. धोंड्याच्या महिन्यात जावयाला निदान अनारसे तरी मिळतात.

दुसरं, सप्टेंबरात बीएसएनएलचं फोर-जी देशभर सुरू झालं, ९७ हजारांवर टॉवर म्हणून बातमी होती. बाबा वावरात दिवसभर एकटे असतात, म्हणून तिथे कोणतं चांगलं चालेल ते बघ. पण बातमीवर जाऊ नको. एक सिम घेऊन विहिरीवर जा. वेचणीची सीतादही झाली ना? वेचणीच्या बाया येतात त्यांनाही विचार, कुणाचा फोन कुठे लागतो ते त्यांना पाठ असतं.

तिसरं माझं काम. माझा भारतातला नंबर मी अजून जिवंत ठेवलाय, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पण इथला माझा फोन असा की त्याला सिम घालायची खाचच नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन चौदापासून पुढे तसेच आहेत, सगळं ई-सिम. म्हणून तुझ्याकडचा तो जुना फोन मी चार्जरला लावून देव्हाऱ्यात ठेवलाय. भक्ती वगैरे नाही, घरात त्याला रोमिंगची रेंज तिथेच धड येते. ओटीपी आला की देवासमोर टिंग वाजते आणि पोरगी ओरडते, ‘आई, देवाचा मेसेज!’

त्या नंबरची मुदत १४ नोव्हेंबरला संपते. पत्र पोचेपर्यंत दोन-तीन दिवसच हातात असतील. पोचल्या पोचल्या रिचार्ज मार, पैसे राखीच्या हिशोबात धर.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. आज पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता साडेदहा नाही, साडेअकरा तासांचा फरक. आईला सांग, तिने सकाळी सहाला फोन केला तर इथे आदल्या संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. तिथे आता फोन लागतो.